‘रूमर्स’ : तबकडीत न मावलेले गाणे
‘फ्लीटवुड मॅक’चा ‘रूमर्स’ ४ फेब्रुवारी १९७७ रोजी प्रकाशित झाला, तेव्हा तो या गटाचा अकरावा अल्बम होता. लंडनमध्ये १९६७ साली गिटारवादक पीटर ग्रीन याने उभा केलेला हा मूळचा ब्लूज गट. १९७० मध्ये ग्रीन बाहेर पडला, गिटारवादक बदलत राहिले. टिकले ते ज्यांच्या आडनावांवरून गटाचे नाव पडले ते ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि बासवादक जॉन मॅकव्ही. १९७४च्या अखेरीस लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स हे अमेरिकी जोडपे येऊन मिळाले व गटाला आजचा ओळखीचा आवाज लाभला.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉसलिटो येथे ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा जॉन व क्रिस्टीन मॅकव्ही विभक्त झाले होते, बकिंगहॅम-निक्स यांचे नाते तुटले होते आणि फ्लीटवुडचा संसारही मोडकळीस आला होता. तरीही काम थांबले नाही. बकिंगहॅमने निक्सला उद्देशून लिहिलेल्या ‘गो युअर ओन वे’ला निक्सलाच साथ द्यावी लागली! ध्वनिफीत तर इतक्या वेळा फिरवली गेली की तिच्यावरील तीव्र, टिपेचे ध्वनी झिजले. अखेर राखीव प्रतीचा आधार घ्यावा लागला.

निक्सचे ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ मात्र वगळले गेले. तबकडीच्या एका बाजूस साधारण वीस-बावीस मिनिटांपलीकडे संगीत कोंबले, की खाचा उथळ होतात आणि आवाज क्षीण पडतो. (आपल्या नाट्यपदांनी तर तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीचा जाच सोसला आहे.) ते गाणे गेले कुठे, तर ‘गो युअर ओन वे’च्याच सुट्या तबकडीच्या पाठीवर.

‘रूमर्स’ अमेरिकेत ३१ आठवडे अग्रस्थानी राहिला, त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले आणि त्याच्या चार कोटींवर प्रती खपल्या. १९७९ मध्ये आला दहा लाख डॉलरांहून अधिक खर्चाचा ‘टस्क’ हा जोडअल्बम. बकिंगहॅमला दुसरा ‘रूमर्स’ करायचाच नव्हता. खप पुष्कळच घटला. पण तो धोका पत्करण्याची मोकळीक ‘रूमर्स’नेच मिळवून दिली होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

१९९७च्या पुनर्मीलनाच्या मैफलीत निक्सने ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ गायले, बकिंगहॅमकडे रोखून पाहत. २००४ साली ‘रूमर्स’ पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा ते गाणे त्यात आले.