उघडे दार आणि चोरवाट

मुक्त-स्रोत आज्ञावली सर्वांसमोर उघडी असते, म्हणून तिच्यात कपट लपू शकत नाही, असे तिचे समर्थक सांगत आले आहेत. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या 'एक्सझेड' प्रकरणाने या युक्तिवादाची मर्यादा दाखवून दिली.

एक्सझेड हे माहिती आटोपशीर करून साठवण्याचे साधन. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ते असते. त्याचा भार वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच विनावेतन कार्यकर्ता वाहत होता. 'जिया तान' असे नाव धारण करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली, विश्वास संपादन केला, नव्या आवृत्त्या प्रसृत करण्याचा अधिकार मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. ती खुली करणारा दुवा सार्वजनिक संहितेत नव्हताच. तो केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात होता. लोकांना दिसत होते एक, पोहोचत होते दुसरेच! दूरस्थ संगणकात प्रवेशास अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले, म्हणून अनर्थ टळला.

अशा योगायोगावर विसंबून चालणार नाही. वितरित गठ्ठा उघड्या संहितेतूनच सिद्ध झाला आहे, हे कोणालाही स्वतंत्रपणे पडताळता आले पाहिजे. एकाच व्यक्तीच्या सहीने आवृत्ती बाहेर पडता कामा नये. परंतु एवढ्याने भागणार नाही. थकलेल्या कार्यकर्त्याला मदतीचा हात हवा होता. तो समाजाने दिला नाही, म्हणून घातपात्याने दिला.