हँगिंग गार्डनचे हिरवे हत्ती

मुंबईतल्या मलबार हिलवरचे फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन, 1881च्या सुमारास आकाराला आले. तिथली झुडपे कातरून केलेली हत्ती-जिराफांची मंडळी शाळेच्या सहलींनी पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे. जाणकार याला फिरंगी चोचले म्हणून नाक मुरडतात. पण बाग कशावर उभी आहे ते पाहिले की मत बदलावे लागते. हिरवळीखाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारी, सुमारे 14 कोटी 70 लाख लिटरची टाकी आहे. टाकीच्या छतावर वड-पिंपळ लावले तर मुळे स्लॅबच फोडतील. तिथे उथळ मातीत तगणारी कुंपणाची झुडपेच बरी, आणि नुसते कुंपण पाहायला कोण डोंगर चढेल? म्हणून ही गंमत जागेच्या अडचणीला शोभणारे उत्तर ठरते.

या शिल्पाचे खरे मोल मात्र त्याच्या नाजूकपणात आहे. फायबरचा जिराफ एकदा फीत कापून बसवला की पालिका मोकळी. रंग उडतो, शेपूट तुटते, तरी तो तसाच उभा. झुडपाच्या हत्तीला ही सवलत नाही. पावसाळ्यात दोन आठवडे कात्री चुकली की सोंडेवर फुटवे येतात, कान गालात बुडतात आणि हत्तीचा नुसता ढीग होतो. माळ्याची हजेरी अशी सगळ्यांदेखत लागते. खर्चाचा आक्षेप खरा आहे, कारण मूर्ती एकदाच विकत घ्यावी लागते आणि माळ्याला दरमहा पगार द्यावा लागतो. पण बागेला माळी तसाही लागतोच, आणि जिथे तोही नेमायचा नाही तिथे फायबरचे प्राणी तरी कोण पुसणार?

नेमाने कात्री चालवणारे हात लागतात, म्हणूनच ही कला नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला शोभेल. द्राक्षवेलींची एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे शेंडा मारणे, बगलफूट काढणे हे सगळे करणारे हात या तालुक्यात गावोगाव आहेत. कोणती काडी ठेवायची हे त्यांना शिकवावे लागत नाही. इथल्याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 5 अंशांखाली गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हा झुडपे तगतील का, ही शंका रास्त आहे. पण कोवळी फूट करपली तरी जुनी मेंदी उन्हाळ्यापर्यंत पुन्हा फुटते.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. गोदावरी-कादवाच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर 2020मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरले; खरे पक्षी तालुक्यातच असताना खोटे कशाला? कारण तिथे लांबून, गप्प राहून, दुर्बिणीतून पाहावे लागते, आणि ते तसेच हवे. चार वर्षांच्या पोराला मात्र ज्याच्याभोवती आरडाओरडा करत पळता येईल असा प्राणी लागतो. फक्त रोहित पक्षी करू नये, त्याची काटकुळी तंगडी झुडपाला झेपायची नाही. गोलमटोल जांभळी पाणकोंबडी सहज जमेल.