मेंढ्यांचा यकृतकृमी

पाणथळ काठावर चरून आलेला कळप धडधाकट दिसतो. परंतु काही आठवड्यांनी मेंढ्या रोडावतात, डोळे पांढुरके पडतात, जबड्याखाली मऊ सूज येते. ह्याचे मूळ यकृतातील पानासारख्या चपट्या कृमीत असते. त्याची अंडी लेंड्यांवाटे पाण्यात पडतात. अळ्या गोगलगाईच्या शरीरात वाढतात, मग काठच्या गवताला चिकटतात व चाऱ्याबरोबर मेंढीच्या पोटात जातात.

ऑक्सिक्लोझानाइड हे औषध पित्तनलिकांतील प्रौढ कृमी मारते. यकृत पोखरीत जाणारे कोवळे कृमी मात्र वाचतात. म्हणूनच एका मात्रेने सुधारलेली मेंढी पुन्हा खंगते. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींवरही चालते. औषध व मात्रा पशुवैद्याने ठरवावी. आणि औषध पाजलेला कळप पुन्हा त्याच काठावर नेऊ नये. नाही तर औषधाचे पैसेही जातात आणि मेंढीही.