खाडीकाठची शेते

पेणजवळ धरमतरची खाडी आहे. रोह्याची कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी या खाड्यांतून आत चढते. ते अडवण्यासाठी काठच्या लोकांनी मातीचे बांध घातले. बांधाच्या आतली ती खारजमीन. पावसाने तिचा खारटपणा धुऊन निघाला, की तेथे भात पिकतो.

बांधाला खेकड्याने बीळ केले तरी पुरे! पाणी त्यातून वाट काढते आणि एक दिवस बांध फुटतो. पूर्वी गावकरी मिळून बांधाची डागडुजी करीत. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला आणि अनेक बांधांचे काम सरकारकडे गेले. दुरुस्तीला उशीर झाला, की भात जातो आणि काही वर्षांत शेतात तिवरांची झाडे उगवतात.

ही झाडे काठाची धूप थांबवतात. त्यांच्या मुळांत मासे व खेकडे वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली ती तोडण्यास मनाई केली. ते योग्यच झाले. पण ज्याचे शेत गेले, त्याने काय करावे? सातबाऱ्यावर नाव त्याचे आणि शेतात तिवरे!

२०१७ साली राज्य सरकारने तिवरे राखणाऱ्या गावांसाठी योजना काढली. खेकडे, कालवे व जिताडा मासा पाळण्यास तीतून अनुदान मिळते. अशा गटात शेत गमावलेला शेतकरी हवा. ज्याच्या नावावर जमीनच नाही, पण जो खाडीत खेकडे पकडून पोट भरतो, तो कातकरीही हवा. रोपे कोठे लावावी आणि कोणता बांध आधी दुरुस्त करावा, हे या दोघांना आधी विचारावे. कोणता बांध कोठे कच्चा आहे, हे त्यांना तोंडपाठ असते.