खेळातील सोय आणि तिचे मोल

घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी संगणकासमोर तासन्‌तास बसलेली दिसली, की वडीलधाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : या खेळात एवढे आहे तरी काय? कुतूहलाने पडद्याकडे पाहावे, तर पुष्कळदा तेथे लढाई चाललेलीच नसते. खेळणारा एखाद्या पात्राच्या नाकाची ठेवण ठरवीत असतो, किंवा पिशवीतील औषधाच्या बाटल्या मोजून दुकानदाराला विकत असतो. ज्याला तरुण मंडळी ‘आरपीजी’ म्हणतात, त्या रोल-प्लेइंग गेमचे, म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळाचे, हे नेहमीचे दृश्य आहे.

या प्रकाराचा उगम अमेरिकेत झाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध केला. १९८१ मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ या खेळांनी तीच रीत घरगुती संगणकावर रुजविली, आणि १९८६ मध्ये जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. असा खेळ पुरा व्हावयास पन्नास-शंभर तासही लागतात. एवढा काळ एका पात्राच्या संगतीत घालवावयाचा, तर ते पात्र आपल्या मनासारखे असावे आणि त्या प्रवासात विनाकारण दगदग नसावी, ही खेळणाऱ्यांची अपेक्षा स्वाभाविकच म्हणावी लागेल. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी ज्या सोयी मागितल्या, आणि त्या देताना विक्रेत्यांनी जे व्यवहार केले, त्यांत व्यापारी घराण्यांना ओळखीचे पुष्कळ काही सापडेल.

कागदावरील मंत्रापासून एका कळीपर्यंत

पहिली मागणी होती खेळ जेथे थांबला तेथून पुढे सुरू करता यावा, ही. जपानातील पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये प्रगती साठवून ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती. खेळ बंद करताना पडद्यावर जपानी अक्षरांची एक निरर्थक मालिका येई. तिला ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ असे नाव होते. मुलांनी ती वहीत उतरून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी तशीच्या तशी भरावी, अशी रीत होती. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. त्यातील एक अक्षर चुकले, तर कित्येक दिवसांची कमाई गेली म्हणून समजावे. १९८८ साली तिसऱ्या भागाच्या कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी बसविण्यात आली आणि प्रगती आतच साठू लागली. वही गेली, पण खेळातील रस कमी झाला नाही. ज्या कष्टाने खेळाला काहीच मिळत नव्हते, ते कष्ट नाहीसे झाले, एवढेच.

वाट आणि ओझे

दुसरी मागणी प्रवासाची. २००२ च्या ‘मॉरोविंड’ या खेळात गावकरी तोंडी वाट सांगत : पूल ओलांडा, उत्तरेस वळा, खडकापाशी थांबा. दूरच्या गावी जावयाचे तर ठरलेल्या मार्गांवरील होड्या किंवा उंच पायांचे प्रचंड किडे, हीच वाहने. २००६ मध्ये त्याच मालिकेतील ‘ऑब्लिव्हियन’ने नकाशावर बोट ठेवताच तेथे पोहोचण्याची सोय दिली. वेळ वाचला. परंतु जुने खेळाडू आजही म्हणतात, की वाट चुकण्यात जे गाव भेटत होते, ते आता भेटत नाही.

तिसरी मागणी ओझ्याची. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये पात्राची वाहण्याची शक्ती आरंभी ३०० असते. त्याहून अधिक सामान झाले, की पात्र धावू शकत नाही. लूट तर पावलोपावली सापडते. मग ती विकावयास दुकानात जावे, तर किरकोळ व्यापाऱ्याच्या गल्ल्यात बहुधा ७५० मोहरा. त्या संपल्या की गिऱ्हाइकाने माल घेऊन परत जावे, किंवा व्यापाऱ्याकडे पुन्हा पैसा येईपर्यंत दोन दिवस वाट पाहावी. खेळाडूंना याचा कंटाळा येतो, मात्र रोख रकमेची चणचण म्हणजे काय, हे त्यांना एखाद्या धड्यापेक्षा येथे लवकर कळत असावे. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट ३’ने २०२३ मध्ये यावर मध्यम मार्ग काढला. वजनाची मर्यादा ठेवली, पण नको असलेली वस्तू जागेवरूनच तळावर पाठविण्याची सोय दिली.

‘पोकेमॉन’ तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्यातील प्रत्येक प्राण्याला चारच विद्या शिकता येतात. जुन्या भागांत झाड तोडणे, पाण्यावर तरंगणे अशा कामांसाठी त्या चारांपैकी एखादी जागा अडकून पडे, आणि ती विद्या सहजासहजी विसरवताही येत नसे. २०१६ मध्ये ही कामे स्वारीच्या प्राण्यांकडे सोपविण्यात आली आणि चारही जागा खेळणाऱ्याच्या मर्जीवर राहिल्या.

या सोयींच्या यादीत आणखी एक मागणी बसते, आणि तिला चैन म्हणता येणार नाही. अक्षरे मोठी करता यावीत, लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांसाठी रंग बदलता यावेत, बटणांची जागा आपल्या हाताच्या सोयीने ठरविता यावी, ही ती मागणी. हातापायांची हालचाल मर्यादित असणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये वेगळे नियंत्रक यंत्र बाजारात आणले. अशा सोयीमुळे खेळ सोपा होत नाही. जो आजवर दाराबाहेर होता, त्याला आत येता येते.

आरशातील चेहरा

आता पात्राच्या रूपाविषयी. १९९६ च्या पहिल्या ‘पोकेमॉन’मध्ये नायक मुलगाच असे. मुलगी म्हणून खेळण्याची मुभा २००० साली जपानात निघालेल्या ‘क्रिस्टल’ या आवृत्तीत मिळाली. त्वचेचा वर्ण आणि पोशाख निवडावयास मात्र २०१३ उजाडावे लागले. सावळ्या वर्णाच्या मुलीला पडद्यावर आपल्यासारखे कोणी दिसावे, यासाठी सतरा वर्षे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे रूप बदलण्याच्या मागणीला केवळ नटण्याची हौस म्हणता येत नाही.

पुढे मागणी अशी झाली, की एकदा निवडलेला चेहरा नंतरही बदलता यावा. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा ही सोय त्यात नव्हती. फेब्रुवारी २०२२ च्या सुधारणेनंतर घरातील आरशासमोर उभे राहून रूप बदलता येऊ लागले. ‘बाल्डर्स गेट ३’नेही प्रकाशनानंतर काही आठवड्यांत, सप्टेंबर २०२३ मध्ये, तळावर एक जादूचा आरसा आणून ठेवला. त्याच खेळात शंभर मोहरा देऊन पात्राचे कौशल्य नव्याने ठरविता येते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०११ मध्ये एका चिलखताचे बळ आणि दुसऱ्याचे रूप एकत्र करण्याची युक्ती दिली. बळकट चिलखत कुरूप असले तरी शोभेचे कपडे सोडावे लागू नयेत, ही त्यामागील कल्पना.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०२० मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ अपुऱ्या अवस्थेत लोकांसमोर आला, तेव्हा लॅरियनने खेळाडूंनी सर्वाधिक निवडलेल्या नाक, डोळे, केस यांची बेरीज करून एक चेहरा तयार केला. शिंगे, शेपट्या, विचित्र वर्ण असे सर्व काही हाताशी असताना जो चेहरा निघाला, तो अगदी चारचौघांसारखा होता, आणि कंपनीने खेळाडूंना त्याबद्दल लटके रागावूनही घेतले. हजार पर्याय दिले, तरी अनेकांना साधेपणच प्रिय असते.

रूपाबरोबर स्वभावही

पात्र घडविणे म्हणजे केवळ चेहरा घडविणे, अशी समजूत असेल तर १९८५ चा ‘अल्टिमा ४’ आठवावा. रिचर्ड गॅरियट यांनी या खेळात नायकाला ‘अवतार’ हा आपल्याकडचा शब्द दिला. आरंभी नीतीचे पेच घालणारे प्रश्न विचारले जातात आणि उत्तरांवरून पात्राचा व्यवसाय ठरतो. शेवटी मारावयाचा कोणी महाखलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, त्याग, नम्रता अशा आठ सद्‌गुणांत पूर्णता मिळविणे हेच ध्येय.

त्यातील एक प्रसंग व्यापाऱ्याच्या मनाला भिडेल. मंत्रासाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी बाई आंधळी असते. किती मोहरा ठेवल्या, हे गिऱ्हाइकानेच सांगावयाचे. कमी ठेवल्या तरी ती माल देते आणि खेळ त्या क्षणी काहीच बोलत नाही. मात्र आत कोठेतरी हिशेब लिहिला जातो, आणि प्रामाणिकपणाचा सद्‌गुण पुरा होत नाही, तेव्हा खेळणाऱ्याला आपली चोरी आठवते. आजच्या खेळांतील हजारो केशरचनांपेक्षा हे एक वजनकाट्याचे दृश्य पात्राविषयी अधिक सांगून जाते.

कोणती अडचण ठेवावी?

सर्वच सोयी हितकर असतात, असे नाही. ‘पोकेमॉन’मध्ये एकाने कमावलेला अनुभव सर्व प्राण्यांत वाटण्याची सोय पूर्वी बंद करता येत असे. २०१९ च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ या आवृत्त्यांपासून ती कायमची चालू झाली. ज्यांना एकेक प्राणी निगुतीने वाढवावयाचा होता, त्यांचा आनंद त्या सोयीनेच कमी केला. याउलट २०२२ चा ‘एल्डन रिंग’ पाहावा. त्यातील लढाया अत्यंत कठीण, काठिण्य कमी करण्याचा पर्याय नाही. तरीही एकदा पाहिलेल्या विश्रामस्थानी नकाशावरून तत्काळ जाता येते. जी अडचण खेळाचा प्राण आहे ती राखली, जी केवळ दगदग होती ती दूर केली, असा हा विवेक आहे. उत्तम खेळकर्त्याची परीक्षा येथेच होते, आणि खेळाडूंच्या मागण्यांचा रोखही बहुतेक वेळा येथेच असतो.

दारातील धोंडा

हा विवेक सुटतो तो पैशापायी. २००६ च्या एप्रिलमध्ये ‘ऑब्लिव्हियन’च्या निर्मात्यांनी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकावयास काढले. शोभेच्या एका वस्तूसाठी निराळे पैसे म्हणून जगभर हसू झाले. आज मात्र तोच व्यापार सर्वत्र रूढ आहे. पोशाखाला किंमत लावण्यात अन्याय नाही. शिंपीही कशिद्याचे वेगळे घेतोच. खरा प्रश्न सोय विकली जाते तेव्हा उभा राहतो.

मार्च २०२४ मध्ये कॅपकॉमचा ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ प्रसिद्ध झाला. त्यात झटपट प्रवास मुद्दाम दुर्मिळ ठेवला होता. पायी प्रवासातच मौज आहे, ही त्यामागील भूमिका मान्य होण्यासारखी होती. परंतु त्याच दिवशी दुकानात प्रवासाचे मुक्काम-स्थान ठरविणारा स्फटिक आणि चेहरा बदलण्याचे ग्रंथरूप साधन खऱ्या पैशांत विकावयास ठेवलेले आढळले. या वस्तू खेळातही कष्टाने मिळत होत्या, तरी स्टीमवर नाराजीच्या परीक्षणांचा पाऊस पडला. काही दिवसांत कंपनीने चेहरा बदलण्याचे साधन खेळातल्या खेळात मुबलक उपलब्ध केले.

खेळाडूंचा राग पैशावर नव्हता. त्यांच्या मनात संशय आला होता. दुकानदाराने आपल्याच दारात धोंडा ठेवावा आणि तो बाजूला सारण्याचे पैसे मागावेत, असे तर झाले नाही ना? धोंडा खरोखर पूर्वीपासूनचा असेलही. पण हलविण्याचे दर लावले, की गिऱ्हाइकाचा विश्वास राहत नाही. ज्याला अडचण विकता येते, त्याला अडचण निर्माण करण्याचा मोह होतो, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

याहून पुढची पायरी नशिबाची पेटी. पैसे भरावेत, आत काय निघेल ते आधी कळू नये. जपानात २०१२ मध्ये, यादृच्छिक वस्तूंचा संपूर्ण संच जमविल्यावरच बक्षीस देणारी पद्धत ग्राहक संरक्षण यंत्रणेने बेकायदा ठरविली. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडावयाच्या अशा पेट्यांना जुगार म्हटले. भारतात २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा झाला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मुलाने पात्रासाठी अंगरखा विकत घ्यावा की नाही, हे ठरविण्याचे काम घराकडेच राहते.

घरात विचारावयाचे प्रश्न

तेव्हा मुलाने एखादा खेळ मागितला, तर सरसकट नकार देण्यापूर्वी आणि डोळे झाकून होकार देण्यापूर्वी काही गोष्टी त्याच्यासमवेत तपासून घ्याव्यात. खेळाची किंमत एकदाच द्यावयाची आहे, की तो फुकट मिळून आत दुकान मांडलेले आहे? दुकान असेल, तर त्यात शोभेच्या वस्तू आहेत, की वेळ आणि सोय? विकत घेतलेली वस्तू नेमकी कोणती हे आधी दिसते, की पेटी उघडल्यावर? खेळ हवा तेव्हा थांबवून जेवावयास उठता येते काय? आई-वडिलांच्या कार्डाचा क्रमांक त्या यंत्रात कायमचा साठविलेला तर नाही ना?

मुलांना या प्रश्नांची उत्तरे बहुधा मोठ्यांहून चांगली ठाऊक असतात, केवळ कोणी विचारलेले नसते. उत्तरे ऐकताना त्यांनी घडविलेले पात्रही पाहावे. ते कोणत्या रूपाचे, कोणत्या नावाचे, त्याने कोणाला साहाय्य केले, दुकानदाराला पुरते पैसे दिले की नाही, हेही विचारावे. पन्नास तास खर्चून मुलाने जे उभे केले, त्याविषयी घरातील कोणी आस्थेने विचारले, तर पुढच्या खरेदीपूर्वी तो आपण होऊन सल्ला घेण्याचा संभव अधिक.