उशाशी बंदूक ठेवण्याआधी

शेतात घर बांधून राहणाऱ्या शेतकरी बंधूंनो, तुमची अडचण नवी नाही. गाव लांब, शेजारची वस्ती हाकेच्या पलीकडं, पाण्याची पाळी रात्रीची आणि घरात म्हातारी माणसं नि लेकरं. आसपास कुठं दरोडा पडल्याची बातमी आली की आठ-आठ दिवस डोळ्याला डोळा लागत नाही. मग पिकांवरची चर्चा संपता संपता कुणीतरी हळूच विचारतं, "साहेब, परवाना काढून एखादं रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणतो. कुठलं बरं?"

प्रश्न रास्त आहे. पण बियाणं निवडण्याआधी आपण जमीन बघतो. तसंच हत्यार निवडण्याआधी आपलं घर बघायला हवं.

परवाना कशाचा?

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याचा अर्ज ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा. वय २१ पूर्ण हवं. पोलिसांचा अहवाल जातो, कारण विचारलं जातं आणि अर्ज नामंजूरही होऊ शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही घालून दिलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही, हे लक्षात ठेवा. बापाचं रिव्हॉल्व्हर मुलानं कमरेला लावून हिंडायचं नाही. परवानाधारक वारला तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायचं.

पीक संरक्षणासाठी मिळणारी ठासणीची बंदूक हा वेगळा प्रकार. तो परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा नव्हे. तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो.

स्वस्तात मिळतो म्हणून गावठी कट्टा मात्र चुकूनही घेऊ नका. विनापरवाना हत्यारासाठी आता किमान २ वर्षांची कैद आहे. शिवाय तसली नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.

कुठलं बरं?

सर्वसाधारण माणसाला .३८ किंवा ९ मि.मी.चं हत्यार मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. हातात धरायच्या हत्यारांत म्हणून .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल हाच नेहमीचा पर्याय. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली आणलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर वजनाला अर्धा किलोच्या आसपास होतं, पण किंमत सव्वा लाखाच्या घरात!

रिव्हॉल्व्हर समजायला सोपं. फिरकी बाहेर काढली की किती गोळ्या आहेत ते डोळ्यांना दिसतं. एखादी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढची समोर येते. पिस्तुलाचं तसं नाही. मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते आणि 'रिकामं आहे' म्हणून हाताळताना घात होतो. दोन्हींची नळी आखूड. अंधारात, झोपेतून उठून, थरथरत्या हातानं नेम लागणं सरावाशिवाय अशक्य.

बारा बोअरची दुनळी नेमाला बरी, पण लांब आणि जड. अरुंद दारातून वळवणं कठीण. आणि आपल्या घरातल्या मधल्या भिंती कशाच्या आहेत? पत्र्याच्या, फळीच्या, कुडाच्या. कुठल्याही बंदुकीची गोळी तिथं थांबत नाही. पलीकडं कोण झोपलंय याचा विचार चोर करणार नाही, तुम्हालाच करावा लागेल.

ठेवायचं कुठं?

खरा प्रश्न हाच आहे. उशीखाली भरलेलं हत्यार चोराआधी नातवाच्या हाती लागतं. कीटकनाशकाची बाटली कुलुपात ठेवा, असं आम्ही मेळाव्यांतून का सांगतो? पोरांसाठी तर सांगतोच. पण कर्जानं, नापिकीनं, भांडणानं खचलेल्या माणसाचा एखादा वाईट क्षण असतो. त्या क्षणी घातक वस्तू हाताशी नसली तर तो क्षण टळतो आणि माणूस वाचतो. बंदुकीलाही तेच लागू. हत्यार रिकामं करून पेटीत, पेटीला कुलूप, गोळ्या दुसऱ्या कुलुपात, किल्ली स्वतःजवळ. घरात कुणी दारूच्या आहारी गेलेलं असेल किंवा मनानं खचलेलं असेल, तर घरात हत्यार आणूच नये. आधीच असेल तर ते जमा करण्याबद्दल पोलीस ठाण्यात विचारा.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. रात्री घर फोडून कुणी आत शिरला किंवा जबरी चोरी होत असेल, तर स्वसंरक्षणाचा हक्क अगदी जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट तिथंही आहेच. विहिरीवरची मोटार किंवा केबल नेणाऱ्या, पळत सुटलेल्या चोरावर पाठीमागून गोळी झाडली तर खटला तुमच्यावर चालेल. मोटार पुन्हा घेता येते. कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

आधी एवढं करा

कुत्रं पाळा, ते परक्या पावलाला आधी ओळखतं. दाराला आतून भक्कम अडसर बसवा. वीज जाते, म्हणून अंगणात सौरदिवा आणि उशाशी चांगली बॅटरी ठेवा. एक खोली ठरवून टाका, आवाज आला की सगळ्यांनी तिथं जमायचं आणि दार लावायचं. फोन भरलेला असू द्या. ११२ क्रमांक लेकरांनाही पाठ हवा, आणि गट नंबरासह वस्तीचा पत्ताही सांगता आला पाहिजे. चार वस्त्यांनी मिळून इशाऱ्याची शिट्टी ठरवा. गावात ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यात नाव घाला.

एवढं करूनही परवाना काढावासा वाटला तर जरूर अर्ज करा, तो तुमचा निर्णय. पण दुकानात जाण्याआधी घरी बायकोला आणि जाणत्या मुलांना बसवून एकच विचारा, "ही वस्तू रोज रात्री कुठं राहील आणि किल्ली कुणाकडं?" याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत खरेदी लांबणीवर टाका. अडसर आणि बॅटरीला मात्र उद्याचा बाजारही पुरे.