राजाचा पलंग कुणी पळवला?

दोस्तांनो, 'अशी ही बनवाबनवी' पाहिलाय ना? टीव्हीवर लागला की घरातलं कुणीतरी पुढचा संवाद आधीच म्हणून टाकतं! त्यात कामं कुणी केली, तेही तुम्ही पटापट सांगाल. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन... बरं, ते संवाद लिहिले कुणी?

बसलात ना गप्प! आईबाबांना विचारा, तेही डोकं खाजवतील.

त्यांचं नाव वसंत सबनीस. जन्म १९२३चा, सोलापूरचा. नोकरी सरकारच्या प्रसिद्धी खात्यात. आणि या सरकारी नोकराने लिहिलं काय, तर राज्यकारभाराचीच टर उडवणारं लोकनाट्य! आधी त्याचं नाव होतं 'छपरी पलंगाचा वग'. १९६५ साली दादा कोंडके यांनी ते रंगभूमीवर आणलं, ते 'विच्छा माझी पुरी करा' या नावाने.

गोष्ट ऐका. एका राज्यातला कोतवाल मरतो. त्या जागेवर हवालदाराचा हक्क. पण प्रधानजी गुपचूप आपल्या मेहुण्याला कोतवाल करून टाकतात. वशिला, दुसरं काय! मग हवालदार आणि मैनावती मिळून डाव रचतात. मैनावती नव्या कोतवालाकडे हट्ट धरते, 'मला राजाचा छपरी पलंग हवा.' आणि तो शहाणा खरंच पलंग चोरायला निघतो! चोर पकडायचे त्यानेच चोरी करायची. पुढची फजिती प्रत्यक्ष नाटकातच बघा.

हवालदार होते अर्थात दादा कोंडके. ते लिहिलेलंच बोलतील याचा मात्र भरवसा नसे. पेपरातली ताजी बातमी, समोरचा प्रेक्षक, काहीही त्यांच्या तोंडी येई. लेखकाला राग यायला हवा, नाही का? पण वगाची रीतच तशी असते. एक गिरकी घेतली की दुसरं गाव आलं, आणि बोलताबोलता नवा विनोद जन्मला. अशी जागा ठेवून लिहिणं सोपं नाही हं! दीड हजारांवर प्रयोग झाले. हिंदीतही ते 'सैंया भये कोतवाल' म्हणून गाजलं.

पुढे दादांचा 'सोंगाड्या' (१९७१) सबनीसांनीच लिहिला. आणि १९८८ साली आली 'बनवाबनवी'. मूळ कल्पना 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून घेतलेली, पण बोली, माणसं सगळी आपली. पुण्यात राहायला खोली नाही, आणि घरमालकीण म्हणते, जोडप्यांनाच देणार. मग दोघा मित्रांना नेसावं लागतं लुगडं! आपल्याला खरं माहीत असतं, बिचाऱ्या मालकिणीला नसतं, म्हणून आपण पोट धरून हसतो. पण पकडले गेले तर चौघं रस्त्यावर, ही धाकधूकही असतेच.

२००२ साली सबनीस गेले. पुढच्या वेळी 'बनवाबनवी' लागला की सुरुवातीच्या पाट्या सुरू असताना चिवडा आणायला उठू नका. त्यांचं नाव तेव्हाच येतं.